परत आलेला सगाट खरा की नुसतं सोंग?

प्रश्न: "आमचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा एक गट आहे. स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये सगाट हे जुनं कॅरेक्टर परतल्यापासून गटात दोन तट पडलेत. जुने म्हणतात, हा सगाट नव्हेच, नुसतं सोंग आहे. त्याच्या फायरबॉलला, म्हणजे लांबून फेकलेल्या आगीच्या गोळ्याला, आता कोणी भीक घालत नाही. नवे म्हणतात, तुम्हाला गेम नको, तुमचं बालपण हवंय. खरं कोणाचं? आणि मी रियू, म्हणजे मालिकेचा नायक, खेळतो. या सगाटपुढे माझं काहीच चालत नाही, काय करू?"

उत्तर: तुमच्या प्रश्नातच एक विसंगती आहे आणि मला तिथूनच सुरुवात करायची आहे. सगाटच्या फायरबॉलला कोणी भीक घालत नाही असं तुमचे जुने मित्र म्हणतात, आणि त्याच श्वासात तुम्ही सांगता की त्याच्यापुढे तुमचं काही चालत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे तेच या वादाचं उत्तर आहे.

मी ही मालिका बरीच वर्षं स्पर्धांमधून खेळलोय, आता जास्त वेळ शिकवण्यात जातो. जुनं कॅरेक्टर परतलं की हे भांडण हमखास होतं, आणि ते मिटत नाही कारण भांडणारे वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. एकाला तो दिसतो कसा हे खटकतं, दुसऱ्याला त्याची गोष्ट पटत नाही, तिसरा डॅमेजचे आकडे काढतो. परतलेलं कॅरेक्टर तेच आहे की नाही, हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे: त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपल्याला कोणता निर्णय घ्यावा लागतो? तो निर्णय जुनाच असेल तर कॅरेक्टर जुनंच आहे, मग त्याला नवे कपडे घाला नाही तर चार नव्या मूव्ह द्या.

आता सगाट. १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरमध्ये तो शेवटचा बॉस होता. एका डोळ्यावर पट्टी, मुए थाईचा सम्राट, उंची सव्वादोन मीटर. रियूने शोर्युकेनने, म्हणजे त्याच्या उसळत्या अपरकटने, त्याची छाती फाडली आणि तो व्रण पुढे प्रत्येक भागात त्याच्याबरोबर आला. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्येही तो बॉसच होता. तो आपल्या हातात आला दोनच्याच सुधारलेल्या आवृत्तीत, १९९२ च्या चॅम्पियन एडिशनमध्ये. त्याच्याकडे तेव्हापासून जे आहे ते मोजकं आहे: उभ्याने फेकलेला टायगर शॉट, वाकून फेकलेला टायगर शॉट, वर उसळणारा टायगर अपरकट, पुढे झेपावणारी टायगर नी आणि लांबलचक पाय.

या यादीत तसं विशेष काही दिसत नाही. फायरबॉल आणि अपरकट रियूकडेही आहेत. सगाट सगाट होतो तो त्या दोन उंचींमुळे, म्हणून तिथे जरा थांबतो.

समजा तुम्ही मधल्या अंतरावर आहात. फायरबॉलवरून उडी मारून त्याच्या डोक्यावर उतरायचंय. स्ट्रीट फायटर ६ मध्ये साधी उडी साधारण ४५ फ्रेमची असते. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालते, म्हणजे उडी मारली की पाऊण सेकंद तुम्ही बांधले गेलात. हवेत ब्लॉकसुद्धा करता येत नाही. फायरबॉल हातातून सुटलेला पाहून मग उडी मारली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. सगाट मोकळा होतो आणि अपरकट मारतो. म्हणून उडी अंदाजाने मारावी लागते, तो फेकण्याच्या आधीच. हे कुठल्याही फायरबॉलवाल्यासमोर खरं आहे. पण रियूच्या फायरबॉलची उंची एकच असते, त्यामुळे केव्हा उडायचं एवढाच प्रश्न उरतो. सगाट दोन उंचींवर मारतो. मालिकेतल्या बहुतेक गेममध्ये वरचा शॉट बऱ्याच कॅरेक्टरना खाली बसून चुकवता येतो, खालचा येत नाही. वरच्यावरून उडायची वेळ वेगळी, खालच्यावरून उडायची वेगळी. बसायचं ठरवलं आणि खालचा आला तर पाय मोडतात. खालच्याच्या हिशोबाने उडी मारली आणि वरचा आला तर तो हवेतच लागतो. या सगळ्याला कंटाळून तुम्ही आंधळी उडी मारली, तर तो नेमका त्याचीच वाट पाहत असतो.

कात्रीत धरणं हा सगाटचा पिंड आहे. बाकी सगळं, व्रण, गर्जना, तो उंच देह, त्या कात्रीचं वजन वाढवायला आहे.

हे माझ्या मनचं नाही, याला फार चांगला पुरावा आहे. १९९४ च्या सुपर टर्बोमध्ये, म्हणजे स्ट्रीट फायटर २ च्या नंतरच्या आवृत्तीत, एक सोय होती: कॅरेक्टर निवडताना एक छुपा कोड दिला की त्याची आधीच्या गेममधली जुनी आवृत्ती घेता यायची. जुन्या आवृत्तीला सुपर, म्हणजे गेज भरल्यावर मारता येणारी मोठी मूव्ह, नाही, समोरच्याने उचलून आपटलं तर ते सौम्य करून घ्यायची सोयही नाही. म्हणजे कागदावर ती दुबळी. तरीही जुना सगाट नव्यापेक्षा कितीतरी भयंकर निघाला, कारण त्याचे टायगर शॉट फेकून झाल्यावर तो लवकर मोकळा व्हायचा. एवढाच काय तो मोठा फरक. एकाच गेममध्ये, एकाच नावाचे, एकाच चेहऱ्याचे दोन सगाट, आणि जपानमधल्या बऱ्याच खेळाडूंनी त्यातला एक स्पर्धेत घ्यायचाच नाही असा अलिखित संकेत पाळला. नवीन मूव्ह, चमकदार सुपर यांनी कॅरेक्टर घडत नाही. फेकल्यानंतर किती फ्रेम अडकायचं, याने घडतं. ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी या दोन सगाटांसमोर एकेक संध्याकाळ बसावं.

आता तुमच्या जुन्या मित्रांच्या तक्रारीकडे येतो, कारण तिच्यात खरा जीव आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला सगाट सहामध्ये आला तो गेमच्या तिसऱ्या वर्षाचं पहिलं नवं जोडलेलं कॅरेक्टर म्हणून. दोन्ही शॉट, अपरकट, नी, सगळं बरोबर घेऊन आला. पण ज्या गेममध्ये तो आला तिच्यात ड्राइव्ह पॅरी आहे. दोन बटणं दाबून धरायची, आणि वरचा असो की खालचा, फायरबॉल गिळला जातो. वर ड्राइव्ह गेजमध्ये, म्हणजे अशा खास मूव्हसाठी खर्चायच्या साठ्यात, भर पडते ती वेगळीच. अगदी शेवटच्या क्षणी, दोन फ्रेमच्या आत दाबलं तर परफेक्ट पॅरी होते आणि तुम्ही तत्काळ मोकळे. पॅरीला एक मोठी शिक्षा आहे: पॅरी धरलेल्याला उचलून आपटलं तर जास्त लागतं. पण उचलायला जवळ यावं लागतं. पडद्याच्या दुसऱ्या टोकावरून कोण उचलणार? म्हणून लांबच्या अंतरावर पॅरी जवळपास फुकट आहे.

याचा परिणाम स्पष्ट आहे. कोपऱ्यात पाय रोवून, वर-खाली, वर-खाली शॉट फेकत समोरच्याचा जीव टांगणीला लावणारा सगाट इथे उभा राहत नाही. लांबून फेकलेला प्रत्येक शॉट समोरच्याच्या गेजमध्ये भर घालतो. ज्यांनी सुपर टर्बोत किंवा स्ट्रीट फायटर ४ च्या पहिल्या आवृत्तीत हा माणूस खेळला, त्यांना हात बांधल्यासारखं वाटणारच. त्यांचं ते दुःख खरं आहे. त्याला बालपणाची ओढ म्हणून उडवून लावणं अन्याय आहे, कारण ते एका ठोस, मोजता येण्याजोग्या गोष्टीबद्दल बोलतायत.

पण बोट चुकीच्या जागी आहे. दोष सगाटच्या बांधणीत नाही, गेमच्या नियमात आहे. याआधीही हे झालंय. १९९९ च्या थर्ड स्ट्राइकमध्ये, म्हणजे स्ट्रीट फायटर ३ च्या शेवटच्या आवृत्तीत, पॅरी होती आणि तिथे फायरबॉलवर पोट भरणाऱ्या सगळ्यांचीच पंचाईत झाली होती. २०१८ मध्ये सगाट स्ट्रीट फायटर ५ मध्ये आला तेव्हाही मूव्ह त्याच होत्या, पण त्या गेममध्ये फायरबॉलच्या आत शिरायच्या वाटा इतक्या होत्या की मला तो सुरुवातीपासून कमकुवत वाटला आणि बऱ्याच स्पर्धकांचंही तेच मत होतं. सगाट हे कॅरेक्टर गेममध्ये फायरबॉलची किंमत काय आहे हे मोजायचा काटा आहे. काट्याने कमी वजन दाखवलं म्हणून काट्यावर रागावण्यात अर्थ नाही.

मग सहामध्ये कात्री उरली आहे का? माझं उत्तर: उरली आहे, पण तिची जागा सरकली आहे. मधल्या अंतरावर, म्हणजे जिथून सगाट एका ड्राइव्ह रशमध्ये (गेज खर्चून घेतलेली वेगवान धाव) तुमच्यापर्यंत पोहोचतो तिथे, पॅरी फुकट राहत नाही. शॉट येतोय म्हणून तुम्ही पॅरी धरली आणि तो शॉटच्या मागोमाग धावत आला, तर उचलला गेलात. पॅरी सोडली तर वरचा की खालचा हा जुना प्रश्न परत उभा. उडी मारली तर अपरकट. आणि मॉडर्न कंट्रोलवर, म्हणजे बटणांच्या सोप्या मांडणीवर, खेळणाऱ्याला विशेष मूव्ह एका बटणावर मिळते, थोडं डॅमेज सोडून, त्यामुळे आता नवशिका सगाटही उडी पाहून वेळेवर मारू शकतो. पूर्वी भिंत होती, आता आडोसा आहे. शॉटच्या आडून तो स्वतः पुढे येतो. प्रश्न तोच राहिला, फक्त विचारायचं अंतर बदललं. म्हणून माझ्या लेखी हा सगाट खरा आहे.

यावर गटात मतदान घेण्यापेक्षा एक प्रयोग करा. ट्रेनिंग मोडमध्ये सगाट डमी, म्हणजे सरावासाठी समोर उभा केलेला खेळाडू, म्हणून घ्या. रेकॉर्डिंगच्या एका स्लॉटमध्ये वरचा शॉट रेकॉर्ड करा, दुसऱ्यात खालचा, तिसऱ्यात ड्राइव्ह रश करून उचलणं, चौथ्यात क्षणभर नुसतं उभं राहून अपरकट. सगळे स्लॉट एकदम चालू करा, म्हणजे ते आलटून पालटून येतील. आधी पडद्याच्या टोकाला उभे राहा. पॅरीने सगळं सुटतंय असं दिसेल. मग दोन पावलं पुढे या, पुन्हा दोन पावलं. एका ठरावीक रेषेवर तुमची पॅरी अचानक धोक्याची होते आणि हात गोंधळतात. ती रेषा म्हणजे या गेममधला सगाट. ज्यांच्याकडे चार आहे त्यांनी तिथेही जमेल तसं करून पाहावं, रेषा कुठे होती आणि कुठे आली हे डोळ्यांनी दिसतं. मी शिकवताना जुन्या-नव्यांचा वाद आला की हेच करायला लावतो. बोलण्यात तासन्तास जातात ते पंधरा मिनिटांत समोर येतं.

ताकदीचा मुद्दा वेगळा ठेवा, तो इथे फार गल्लत करतो. चारच्या पहिल्या आवृत्तीत सगाट यादीच्या अगदी वर होता. अपरकट लागला की फोकस डॅशने (मूव्ह मध्येच तोडून पुढे सरकण्याची सोय) तो थांबवायचा आणि पुढे अल्ट्रा, म्हणजे त्या गेममधली सर्वात जबर मूव्ह, जोडायचा. समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. २०१० च्या सुपर स्ट्रीट फायटर ४ मध्ये त्याला खाली आणलं तेव्हा लोक म्हणाले, सगाट मारला. मारला नव्हता. कात्री तशीच होती, तिची धार कमी केली होती. कॅरेक्टर दुबळं होणं आणि वेगळंच होणं या दोन तक्रारी आहेत. पहिलीवर पुढच्या पॅचमध्ये उपाय होतो, दुसरीवर सहसा होत नाही.

खरोखर वेगळं झालेलं कॅरेक्टर पाहायचं असेल तर गिल्टी गिअर स्ट्राइव्ह या दुसऱ्या फायटिंग गेममधला २०२२ चा टेस्टामेंट पाहा. जुन्या गिल्टी गिअरमध्ये तो सापळे रचायचा. जमिनीवर पाय ठेवायचा कुठे हाच समोरच्याचा प्रश्न असायचा. स्ट्राइव्हमध्ये सापळ्यांचा तो खेळ गेला आणि लांब पोहोचीचे फटके, फेकून मारायच्या गोष्टी आल्या. चांगलं कॅरेक्टर आहे, खेळायला गोड आहे, पण जुन्या टेस्टामेंटवर प्रेम करणाऱ्याला त्याचा माणूस परत मिळाला नाही. त्याने तसं म्हटलं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

टेकन या फायटिंग मालिकेतला हेइहाची याच्या अगदी उलट. टेकन ७ मध्ये काझुयाने बापाला, म्हणजे या हेइहाचीला, लाव्हामध्ये टाकलं, आणि अख्ख्या गोष्टीचा डोलारा त्या मृत्यूवर उभा होता. २०२४ च्या शरदात तो टेकन ८ मध्ये जिवंत परतला. गोष्टीच्या अंगाने मला हे आवडलं नाही; ज्या शेवटासाठी प्रेक्षकाला इतकं ताणून ठेवलं, तो शेवट मागे घेणं त्या प्रेक्षकाचा मान राखत नाही. पण खेळायला बसा. त्याची प्रसिद्ध मूव्ह, इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट, अजूनही त्याच एका फ्रेममध्ये साधावी लागते, आणि तो क्राउच डॅश करत, म्हणजे वाकून झेपावत, आत घुसला की उभ्याने अडवायचं की बसून, हा मिशिमा घराण्याचा, म्हणजे या बापलेकांचा, जुना जाच तसाच आहे. गोष्ट मोडली, खेळ टिकला. दोन्ही वाक्यं एकाच माणसाला एकाच वेळी म्हणता येतात, आणि म्हणू द्यावीत.

नव्या मंडळींचा आक्षेप मात्र मी हलका घेत नाही. त्यांचं मनातलं दुखणं बालपणाबद्दल नसतंच, जागेबद्दल असतं. स्ट्रीट फायटर ६ बाजारात आली तेव्हा १८ कॅरेक्टर होती. त्यात स्ट्रीट फायटर २ मधले मूळ आठही जण हजर, आणि पूर्णपणे नवे सहा. त्यानंतर दर वर्षी चार येतात. त्यातली एका वर्षी एक जागा अकुमाला, पुढे एक बायसनला, मग एक सगाटला, अशी जुन्यांना गेली, की नव्या कल्पनेला तेवढी जागा कमी. पैसे देऊन घ्यायच्या गोष्टीत ओळखीचा चेहरा जास्त खपतो हेही उघड आहे. याच्या उलट टोकाचा प्रयोगही या मालिकेने केलाय: १९९७ मध्ये स्ट्रीट फायटर ३ आली तेव्हा जुन्यांपैकी फक्त रियू आणि केन ठेवले होते. अकुमा पुढच्या आवृत्तीत आला आणि चुन-ली थेट थर्ड स्ट्राइकमध्ये. ती गेम आज अनेकांना मालिकेतली सर्वात सुंदर वाटते, मलाही, पण तेव्हा जुन्या खेळाडूंना पाय ठेवायला ओळखीची जागाच मिळाली नव्हती. मॅरिसा किंवा जेपी यांच्यासारखी नवी कॅरेक्टर सहामध्ये इतकी रुजली यात त्या आठ जुन्यांचाही वाटा आहे असं मला वाटतं. लोक ओळखीच्या माणसासाठी आले आणि मग शेजारच्याकडे वळले. नव्यांनी जागा जरूर मागावी. पण मग सगाटवर न घसरता, पुढच्या वर्षी चारपैकी दोन तरी कोरी कॅरेक्टर हवीत असं सरळ म्हणावं.

आता तुमचा रियू.

पडद्याच्या टोकावर फायरबॉलची लढाई लढू नका. तिथे त्याला दोन उंची आहेत, तुम्हाला एक. त्याऐवजी पॅरी करा, गेज भरा, आणि प्रत्येक शॉटनंतर थोडं पुढे चाला. घाई नको, ब्लॉक केला तरी चालेल, पण मागे सरकू नका. वर सांगितलेल्या धोक्याच्या रेषेजवळ आलात की पॅरी धरून ठेवायची सवय सोडा. तिथे तीन गोष्टी जवळ ठेवा. एक, डेनजिन चार्ज, म्हणजे पुढच्या फायरबॉलला जोर देणारी रियूची मूव्ह. सगाटला पाडल्यावर किंवा तो लांब असताना चार्ज करून घ्या. पुढचा हादोकेन (रियूचा फायरबॉल) त्याच्या साध्या शॉटला खाऊन पुढे जातो आणि एकदा असं झालं की तो फेकताना बिचकायला लागतो. दोन, पहिल्या लेव्हलची सुपर, शिंकू हादोकेन. तो मधल्या अंतरावरून शॉट टाकताना दिसला की मारा, शॉट फोडून ती त्याच्यापर्यंत पोहोचते. एकदा खाल्ली की तुमच्याकडे तेवढी सुपर भरलेली असताना तो मोकळेपणी फेकत नाही. तीन, ड्राइव्ह इम्पॅक्ट, म्हणजे गेज खर्चून केलेला जोरदार हल्ला. ते दोन फटके अंगावर झेलतं, तेव्हा शॉट झेलून थेट त्याला लागतं, आणि फेकून अडकलेला सगाट उलट इम्पॅक्ट करू शकत नाही. पण हे अंदाजाने, आणि पोहोचेल इतक्या जवळूनच. लांबून केलंत तर तो मोकळा होऊन बसलेला असतो.

उडी सर्वात शेवटी. तो सलग दोनदा त्याच तालात फेकतोय असं दिसलं तर तिसऱ्याच्या आधी एकदा उडा, आणि लागली तरी लगेच पुन्हा उडू नका. चांगला सगाट तुमची पहिली उडी सोडून देतो, दुसरीसाठी.